आजचं चिंतन : मिळवलेलं राखायचं कसं?



आज गीतेच्या नवव्या अध्यायातला बाविसावा श्लोक. पाठ नसला तरी त्याचा शेवटचा चरण तुम्ही अनेकदा पाहिलाय, कारण एलआयसीच्या बोधचिन्हावर तोच आहे. घरात पॉलिसीची फाईल असेल तर काढून बघा. जे अनन्यभावाने माझं चिंतन करतात, त्यांचा योगक्षेम मी वाहतो, असं भगवंत तिथे सांगतात.

मराठीत आपण 'योगक्षेम' हा शब्द पोटापाण्याची सोय एवढ्याच अर्थाने वापरतो. शंकराचार्य भाष्यात त्याचे दोन भाग करतात. जे आपल्याकडे नाही ते मिळणं म्हणजे योग. जे मिळालंय त्याचं रक्षण होणं म्हणजे क्षेम.

मला हा भेद फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपलं जवळजवळ सगळं कौतुक पहिल्या भागासाठी राखीव असतं. नोकरी लागली की पेढे वाटतात. तीच नोकरी दहा वर्षं टिकवली म्हणून कुणी पेढे मागत नाही. लग्नाला पाचशे माणसं येतात, पुढचा संसार दोघांनाच करायचा असतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही तेच. नवीन रिलीज गेलं की केक कापतात. ती सिस्टिम पुढे चार वर्षं न पडता चालवणाऱ्या टीमचं नाव कुणाला आठवत नाही. एका रात्री ती बंद पडली की मात्र लगेच आठवतं!

या क्षेमाचं एक अगदी रोजचं उदाहरण आज घेते. कमी केलेलं वजन राखणं.

चिंतनात वजनकाटा कशाला, असं वाटेल. थोडं थांबा. माझ्यासाठी हा श्लोक कळायला या विषयाइतकी मदत दुसऱ्या कशानेच केलेली नाही.

लेकीच्या वेळी मला गरोदरपणातला मधुमेह निघाला. बाळंतपणानंतर साखर जागेवर आली. पण अशा बायकांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. माझ्या आईला चाळिशीतच मधुमेह झाला. तिची इन्सुलिनची इंजेक्शनं, डोळ्यांच्या तपासण्या, पायाला साधी जखम झाली तरी वाटणारी धास्ती, हे सगळं मी घरात पाहत मोठी झाले. म्हणून ८१ किलोचे ६४ किलो केले. त्याला चौदा महिने लागले. या गोष्टीला आता सहा वर्षं होतील, आणि वजन ६३ ते ६६ च्या मध्ये आहे.

गंमत बघा. त्या चौदा महिन्यांबद्दल लोक अजूनही विचारतात, "काय केलंस गं? कुठलं डाएट?" नंतरच्या सहा वर्षांबद्दल एवढंच विचारतात, "अजून चालूच आहे का तुझं?"

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने मात्र हाच प्रश्न नीट विचारला. म्हणाली, "जन्मभर असं मोजतच राहणार? एकीकडे देह नश्वर म्हणतेस आणि दर सोमवारी काट्यावर उभी राहतेस. ही देहासक्ती नाही का?"

प्रश्न खरा आहे. गीता वाचणाऱ्याला तर तो आणखीच अडवतो. दुसऱ्या अध्यायाच्या पंचेचाळिसाव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला चक्क 'निर्योगक्षेम' व्हायला सांगतात. मिळवणं आणि राखणं, दोन्हींतून मोकळा हो. मग नवव्या अध्यायात म्हणतात, तुझा योगक्षेम मी वाहतो. म्हणजे दोन्हीकडून काम आपल्या हातातून गेलं! मग सोमवारच्या काट्यावर उभं राहायचं कशाला?

उत्तराकडे जाण्याआधी हे राखणं एवढं अवघड का असतं ते बघू. इथे आपल्याकडून दुसऱ्यांवर फार अन्याय होतो.

भूक विसरत नाही

वजन घटलं की शरीराला ते यश वाटत नाही. दुष्काळ आल्यासारखं ते वागतं. मेलबर्नमधल्या संशोधकांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पन्नास जणांना घेऊन तो सुरू झाला होता. त्यांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींचा आहार दिला आणि त्यानंतर वर्षभराने पुन्हा तपासलं. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं लेप्टिन तेव्हाही कमीच होतं, भूक जागवणारं घ्रेलिन तेव्हाही वाढलेलंच होतं. डाएट संपून वर्ष झालं तरी शरीर हरवलेले किलो मागतच होतं.

दुसरा अभ्यास २०१६ सालचा, अमेरिकेतला. 'द बिगेस्ट लूजर' या वजन घटवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या चौदा जणांना सहा वर्षांनी तपासलं. घटवलेल्या वजनाचा मोठा भाग सरासरीने परत आला होता. शिवाय आराम करताना त्यांचं शरीर जेवढी ऊर्जा खर्च करेल अशी अपेक्षा होती, त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. वजन परत वाढलं तरी ही काटकसर तशीच राहिली होती.

हे वाचल्यावर मला गीतेतला आणखी एक श्लोक आठवला, दुसऱ्या अध्यायातला एकोणसाठावा. आहार सोडणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी आत शिल्लक राहते, असा त्याचा भाव. घ्रेलिनचा शोध गीतेत आधीच लागला होता, असलं काही मला म्हणायचं नाही. श्लोक इंद्रियांबद्दल आणि मनाबद्दल बोलतो, प्रयोगशाळा रक्ताबद्दल बोलते. पण समोरचं ताट बाजूला सारणं आणि आतली ओढ शांत होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दोन्हीकडून कळतं. पहिली काही महिन्यांत होते. दुसरीला किती काळ लागेल, कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून एखाद्याचं वजन परत वाढलेलं दिसलं की "कंट्रोल नाही राहिला" असं म्हणणं अन्यायाचं आहे. रात्रपाळी, झोपेची वाट लागलेली, घरात आजारपण, एखादं औषध, आणि वर शरीराची ही ओढ. त्या माणसाने कशाकशाशी झगडा दिला ते आपल्याला दिसत नाही, दिसतं फक्त पोट. वजन हा पापपुण्याचा हिशेब नाही. वाढलेलं हे पाप नाही आणि उतरलेलं हे पुण्य नाही. माझं राहिलं यात माझी मेहनत आहे, तसंच सकाळी लेकीला सांभाळणारा नवरा आहे, चालायला बऱ्यापैकी फुटपाथ आहे आणि घरच्या जेवणाला वेळ मिळेल अशी नोकरी आहे. हे सगळं मिळालेलं आहे, त्याचा गर्व कसला करायचा?

औषधांबद्दलही हेच. हल्ली भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा सगळीकडे आहे. सेमाग्लुटाइड थांबवल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला, असं २०२२ सालच्या एका अभ्यासात दिसलं. काहींना यात "बघा, शॉर्टकट टिकत नाही" असा निकाल दिसतो. मला यात इतकंच दिसतं की औषधाने मिळालं तरी क्षेमाचा प्रश्न सुटत नाही, तो सगळ्यांना सारखाच आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेणारा साधनेत कमी पडला असं म्हणू नये. चष्मा लावणाऱ्याला आपण असं म्हणत नाही.

पोचणं आणि टिकणं

पतंजलींनी योगसूत्रांत साधनेतले नऊ अडथळे सांगितलेत. त्यात रोग आहे, आळस आहे, संशय आहे. शेवटचे दोन मला सगळ्यात बारकाईने पाहिलेले वाटतात. आठवा अडथळा म्हणजे साधनेची एखादी पायरी गाठताच न येणं. नववा म्हणजे अनवस्थितत्व, पायरी गाठली पण तिथे टिकता न येणं. दोन्ही एकच असते तर त्यांनी वेगळे मोजले नसते. पोचायला लागणारं बळ वेगळं आणि टिकायला लागणारं वेगळं.

मग टिकणारे काय करतात? १९९४ साली अमेरिकेत रीना विंग आणि जेम्स हिल या संशोधकांनी अशा लोकांची एक नोंदवही सुरू केली, नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री. किमान तीस पौंड, म्हणजे १३.६ किलो वजन घटवून ते किमान वर्षभर राखलेल्यांनाच त्यात नाव देता येतं. दहा हजारांहून जास्त लोकांनी नावं दिली. ते स्वतःहून आलेले लोक आहेत, त्यामुळे सगळ्या जगाचा नियम त्यांच्यावरून काढता येणार नाही. पण त्यांचं रोजचं आयुष्य वाचण्यासारखं आहे. बहुतेक जण रोज नाश्ता करतात. सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. नव्वद टक्के लोक रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, आणि त्यात चालणं सगळ्यात जास्त. शनिवार-रविवारी आणि सणासुदीलाही खाणं फारसं न बदलणाऱ्यांचं वजन जास्त टिकलेलं दिसतं. सगळ्यात धीर देणारी गोष्ट ही, की जे दोन ते पाच वर्षं टिकले, त्यांची पुढे टिकण्याची शक्यता बरीच वाढते.

किती कंटाळवाणी यादी आहे ना? यावर कुणी रील बनवणार नाही.

पण आपल्याकडे या कंटाळवाण्या गोष्टीला एक सुंदर शब्द आहे, वारी. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर चालून गेलेला वारकरी "झालं एकदा दर्शन" म्हणून यादीतून पंढरपूर खोडत नाही. पुढच्या आषाढात तो पुन्हा निघतो. वारी या शब्दातच पुन्हा पुन्हा जाणं आहे. वारकऱ्याला विचारा, "अजून किती वर्षं?" तो हसेल. त्याच्या दृष्टीने हा प्रश्नच होत नाही, कारण वारी ही त्याला संपवायची कामगिरी वाटतच नाही. माळ घातली तेव्हा त्याने एक नेम घेतला. नेमाला शेवटची तारीख नसते आणि म्हणूनच त्याचं ओझंही होत नाही.

"जन्मभर करणार का?" हा प्रश्न जड वाटतो, कारण आपण जन्मभराचं सगळं काम एकदम डोळ्यांसमोर आणतो. प्रत्यक्षात ते कधीच एकदम करायचं नसतं. आज रात्रीचं जेवण, उद्या सकाळचं चालणं, एवढंच समोर असतं.

काम आणि चिंता

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. हे राखणं म्हणजे देहासक्ती का?

निर्योगक्षेम हो म्हणणारे भगवंत अर्जुनाला त्याच अध्यायात कर्म करायलाही सांगतात, आणि सगळी गीता ऐकून अर्जुन शेवटी धनुष्य उचलतोच. म्हणजे काम सोडायला सांगितलेलं नाही. मला समजलं ते असं, की मोकळं व्हायचं आहे ते राखण्याच्या चिंतेतून. काम माझ्याकडे आहे. ते फळेल की नाही याचा भार त्याने उचललाय.

इथे माझा व्यवसाय कामाला येतो. आम्ही सर्व्हरवर नजर ठेवतो म्हणजे रात्रभर स्क्रीनकडे टक लावून बसत नाही. एक मर्यादा ठरवतो. तिच्या आत आकडे वरखाली होतच असतात, त्याकडे कुणी बघत नाही. मर्यादा ओलांडली की अलर्ट येतो, ज्याची ड्यूटी असेल तो उठतो आणि ठरलेल्या चार गोष्टी करतो. अलर्ट आला म्हणून कुणी रडत नाही. आणि मर्यादा नीट ठरवलेली असते म्हणूनच बाकीची टीम शांत झोपते.

माझी मर्यादा ६६ किलोची आहे. सलग दोन सोमवार काटा त्याच्या वर गेला, की ठरलेल्या चार गोष्टी. खाल्लेलं वहीत लिहायचं, रात्रीचं जेवण आठच्या आत, पानात आधी उसळ आणि भाजी, आणि अमेरिकेचे कॉल शक्य तेवढे चालता चालता. उपाशी राहायचं नाही. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असं सहाव्या अध्यायात स्पष्ट सांगितलंय. दोन-तीन आठवड्यांत काटा पुन्हा मर्यादेत येतो. एरवी सोमवारची पाच मिनिटं सोडली तर वजनाचा विषय माझ्या डोक्यात नसतो.

नजर ठेवणं कुठे संपतं आणि आसक्ती कुठे सुरू होते, हे ओळखायला मी स्वतःला तीन प्रश्न विचारते.

पहिला, सकाळच्या आकड्यावर माझा दिवसभराचा मूड ठरतोय का? ठरत असेल तर काटा काही दिवस माळ्यावर.

दुसरा, माझी नजर दुसऱ्याच्या ताटात जातेय का? "एवढा भात?" असं मनातसुद्धा आलं तर समजावं, साधनेचा अहंकार झाला.

तिसरा, प्रसाद आनंदाने घेता येतोय का? गणपतीत सासूबाई उकडीचा मोदक वाढतात, वरून तुपाची धार सोडतात आणि म्हणतात, "अगं, एकाने काय होतंय?" खरंच काही होत नाही. एक मोदक मी चवीने खाते आणि मनात कॅलरी मोजत नाही. दुसरा आला की "आई, आता पुरे, पोट भरलं" म्हणते, आणि त्यांनाही ते पटतं. नवरात्रातल्या उपवासाचंही तसंच. तो देवीचा आहे, काट्याचा नाही. त्या नऊ दिवसांत मी वजनच करत नाही. उपवासातून देवीच्या जवळ जायचं की जीन्सच्या साइजच्या, हे एकदा ठरवून टाकलं की मन मोकळं होतं. नाहीतर 'एकादशी आणि दुप्पट खाशी' आहेच!

एक चौथा प्रश्नही आहे, तो माझ्या लेकीमुळे आला. ती आता सात वर्षांची आहे. मध्ये एकदा काट्याजवळ उभी राहून तिने विचारलं, "आई, तू जाड होशील म्हणून घाबरतेस का?" मी तिला म्हटलं, "नाही गं. आजीला रोज इंजेक्शन घ्यावं लागतं ना? मला शक्य तेवढे दिवस ते नको आहे. म्हणून आठवड्यातून एकदा बघते." ती "बरं" म्हणाली आणि स्वतःच्या बाहुलीला काट्यावर ठेवून आकडा काही दिसत नाही म्हणून खेळायला पळाली. तेव्हापासून घरात कुणाच्याही शरीराबद्दल, स्वतःच्यासुद्धा, वाईट शब्द काढायचा नाही असा नियम आहे. मी वजन राखते हे तिला दिसायला हरकत नाही. पण त्यातून आपल्या शरीराचा राग करायला ती शिकली, तर असं राखणं मला नको.

आता सगळ्यात अवघड भाग. एवढं करूनही उद्या मला मधुमेह होऊ शकतो. गुणसूत्रं आहेत, वय आहे. वजन राखल्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. आणि या वर्षी झाला नाही, तर तो माझ्या चालण्यामुळे झाला नाही हे मी सिद्ध करू शकत नाही. योगाचं फळ हातात घेऊन दाखवता येतं, आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावता येतो. क्षेमाचं फळ म्हणजे एक न घडलेली गोष्ट. तिचा फोटो कसा काढणार?

म्हणूनच मला वाटतं, फळाची आशा सोडून कर्म करणं म्हणजे काय, हे शिकायला राखण्याच्या कामासारखी शाळा नाही. वजन घटवताना दर आठवड्याला आकडा उतरतो आणि आशा पोसली जाते. राखताना आकडा तोच राहतो. टाळ्या नाहीत, बातमी नाही, शेवट नाही. तरीही सकाळी बूट घालायचे. दिवा लावतो तसे. काल लावला होता म्हणून आज संध्याकाळी कुणी थांबत नाही, आणि लावल्यावर देवाकडे पावतीही मागत नाही.

तेव्हा आज एवढंच करू या. तुमच्याकडे असलेली एक गोष्ट आठवा, जी तुम्ही कधीतरी कष्टाने मिळवली आणि आता गृहीत धरलीये. ती तब्येत असेल, सोडलेली सिगारेट असेल, एखादं जुळलेलं नातं असेल किंवा रोजचा जपसुद्धा असेल. तिच्या क्षेमासाठी आज एक छोटं काम करा. आणि रात्री झोपताना तिची चिंता त्याच्या पायाशी ठेवून द्या. ती वाहायचा शब्द त्याने दिलेलाच आहे.

उद्या तेविसावा श्लोक घेऊ.

जय जय राम कृष्ण हरी!